नट-बोल्टची कामचलाऊ हत्यारे

नट-बोल्टची कामचलाऊ हत्यारे म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे बोल्ट, नट, वायसर, आटेदार सळई, लोखंडी पट्टी व पाइपचे तुकडे यांची विशिष्ट कामापुरती जुळणी करून तयार केलेली हत्यारे होत. घट्ट बसलेले बेअरिंग ओढून काढणे, बुश दाबून बसवणे, अडकलेला स्टड फिरवणे, मऊ धातूत आटे पाडणे आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणे ही कामे त्यांच्याद्वारे करता येतात. 'कामचलाऊ' या शब्दाला मराठीत कमीपणाची छटा आहे. या हत्यारांच्या बाबतीत ती निम्मीच खरी ठरते, कारण त्यांतील मुख्य भाग म्हणजे स्क्रूचा आटा हा कारखान्यात प्रमाणित मापाने बनलेला असतो. कामचलाऊ असते ती त्याच्याभोवतीची मांडणी.

तत्त्व

स्क्रू म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला की त्याच्या कर्णापासून आट्याची रेषा तयार होते. हा प्रयोग शाळेत दाखवला जातो. लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतराला पिच म्हणतात. नट एक पूर्ण फेरा फिरला की तो एक पिच पुढे सरकतो. मेट्रिक पद्धतीच्या नेहमीच्या जाड आट्यांत एम ६ बोल्टची पिच १ मि.मी., एम ८ ची १.२५ मि.मी., एम १० ची १.५ मि.मी. आणि एम १२ ची १.७५ मि.मी. असते. येथे 'एम' पुढील अंक हा बोल्टचा मिलिमीटरमधील व्यास होय.

एम १० बोल्टवरील नट २०० मि.मी. लांबीच्या पान्याने फिरवला, तर हाताचे टोक एका फेऱ्यात सुमारे १,२५७ मि.मी. चालते आणि नट केवळ १.५ मि.मी. सरकतो. घर्षण नसते तर जोर ८३८ पट झाला असता. प्रत्यक्षात आट्यांतील आणि नटाखालील घर्षणात त्यातला बहुतेक भाग खर्च होतो. कोरड्या पोलादी बोल्टसाठी अभियंते एक ढोबळ सूत्र वापरतात: पिळाचे आघूर्ण = ०.२ × व्यास × ताण. पान्याच्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावल्यास आघूर्ण ४० न्यूटन-मीटर होते आणि ताण २०,००० न्यूटन येतो. म्हणजे जोर १०० पट वाढला, आणि हाताचे श्रम वापरून जवळजवळ दोन टन वजनाइतकी ओढ मिळाली.

हे घर्षण केवळ तोट्याचे नाही. एम १० च्या आट्याचा चढ सुमारे ३ अंशांचा असतो. इतका उतार लोखंडावर लोखंड घसरण्यास पुरेसा नसल्यामुळे हात काढला तरी नट आपोआप मागे फिरत नाही. आवळलेली वस्तू तशीच राहते आणि काम थांबवून दुसऱ्या बाजूचे काही सरळ करता येते. हातोड्याने किंवा तरफेने हे साधत नाही.

पार्श्वभूमी

स्क्रूचा जोर दाबण्यासाठी वापरण्याची कल्पना जुनी आहे. द्राक्षांचा व ऑलिव्हचा रस काढण्याच्या लाकडी चरकांत ती होती, आणि पंधराव्या शतकात गटेनबर्गच्या मुद्रणयंत्रातही लाकडी स्क्रूच होता. मात्र प्रत्येक स्क्रू आणि त्याचा नट ही एकमेकांसाठी घडवलेली जोडी असे; एकाचा नट दुसऱ्याला बसण्याची खात्री नसे. १८०० च्या सुमारास इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ले याच्या आटे कापणाऱ्या लेथमुळे धातूचे स्क्रू नेमक्या पिचचे बनू लागले. मॉडस्लेच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून व्यासागणिक आट्यांची संख्या निश्चित केली. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश आहे. कामचलाऊ हत्यारे शक्य झाली ती या प्रमाणीकरणामुळे. वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले नट व बोल्ट एकमेकांत बसतात, हे गृहीत धरल्याशिवाय दुकानातून सुटे भाग आणून काही जुळवता येत नाही.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरीही इंची आटे बाजारातून गेले नाहीत. महाराष्ट्रातील कारागीर आजही बोल्टची जाडी सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअर बाजारांत दोन्ही पद्धतींचा माल मिळतो.

साहित्याची निवड

दोन मापपद्धतींचा घोळ हे हत्यार बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टचा व्यास ७.९४ मि.मी. असतो आणि एका इंचात १८ आटे, म्हणजे पिच १.४१ मि.मी. असते. एम ८ चा व्यास ८ मि.मी. आणि पिच १.२५ मि.मी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे फिरतो आणि मग अडतो. अडल्यावर पाना लावून जोर केला की आटे खरवडले जातात. म्हणून नट बोल्टच्या पूर्ण लांबीवर नुसत्या बोटांनी फिरतो की नाही हे आधी पाहतात. दोन बोल्ट आट्यांत आटे बसवून एकमेकांशेजारी धरल्यास आणि उजेडाकडे पाहिल्यास पिचमधला फरकही लगेच दिसतो.

दुसरा मुद्दा बळकटीचा. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ असे अंक उठवलेले असतात. पहिल्या अंकाला १०० ने गुणले की पोलाद तुटण्याचा ताण न्यूटन प्रति चौरस मि.मी. मध्ये मिळतो, दुसरा अंक त्याच्या किती दशांशाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते ते सांगतो. त्यानुसार ४.६ चा बोल्ट २४० आणि ८.८ चा बोल्ट ६४० न्यूटन प्रति चौरस मि.मी. पर्यंत टिकतो. एम १० बोल्टच्या आटेदार भागाचे परिणामी क्षेत्रफळ ५८ चौरस मि.मी. धरतात. म्हणजे ४.६ चा एम १० बोल्ट सुमारे १३,९०० न्यूटनांना ताणला जाऊ लागतो, तर ८.८ चा ३७,१०० न्यूटनांपर्यंत तग धरतो. वर काढलेली २०,००० न्यूटनांची ओढ यांच्या मधली आहे. साध्या हातपान्याने, विशेष ताकद न लावता, ४.६ चा बोल्ट निकामी करता येतो, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. ज्या बोल्टवर कोणताच अंक नाही तो ४.६ पेक्षा चांगला मानू नये. मीटरभर लांबीच्या आटेदार सळयाही बहुधा मऊ पोलादाच्याच असतात. एम १० ऐवजी एम १२ किंवा एम १६ ची सळई घेऊन ही उणीव भरून काढता येते.

नट शक्यतो बोल्टच्याच दर्जाचा असावा आणि त्यातून किमान एक आटा बाहेर दिसावा. वायसर जाड हवेत. पातळ वायसर पाइपच्या तोंडावर वाटीसारखा वाकतो आणि ओढ तिरकी जाते.

ओढणारी आणि दाबणारी हत्यारे

या हत्यारांचा सर्वांत उपयोगी गट हाच. मोटारसायकलच्या स्विंग-आर्ममधील रबरी बुश काढण्याची मांडणी त्याचे चांगले उदाहरण आहे. बुशच्या मधल्या नळीतून लांब बोल्ट ओवतात. बोल्टच्या डोक्याखाली बुशच्या बाह्य व्यासापेक्षा किंचित लहान असा जाड वायसर असतो; तो बुशला ढकलतो. दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल इतक्या रुंद पाइपचा तुकडा उभा ठेवतात, त्याच्या तोंडावर मोठा वायसर आणि त्यावर नट. नट आवळत गेले की बुश हळूहळू पाइपमध्ये ओढला जातो. पाइपची कड स्विंग-आर्मच्या धातूवर टेकते, रबरावर नाही. सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. नवा बुश बसवताना तीच मांडणी उलट बाजूने वापरतात. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका शिरतो आणि घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडतो. स्क्रूने ओढलेला बुश बोल्टच्या अक्षाला धरून सरळ जातो. सायकलच्या हँडलखालच्या वाट्या बसवण्यासाठीही आटेदार सळई, दोन नट आणि चार-पाच वायसर एवढेच पुरते.

बेअरिंग बसवताना एक नियम पाळावा लागतो: जी कडी घट्ट बसायची आहे तिच्यावरच दाब द्यावा. बेअरिंग घरात बसवायचे असेल तर बाहेरच्या कडीवर, शाफ्टवर बसवायचे असेल तर आतल्या कडीवर. चुकीच्या कडीवर दाब दिल्यास तो गोळ्यांतून जातो आणि गोळ्या ज्या खाचेत फिरतात तिथे बारीक खड्डे पडतात. असे बेअरिंग फिरते, पण काही दिवसांत आवाज करू लागते. दोष मात्र बहुधा दुकानदाराच्या मालाला दिला जातो. टाकून दिलेल्या जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी कानशीने किंवा ग्राइंडरवर किंचित लहान केली, की ती नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर दाब देण्यासाठी नेमक्या मापाची दट्ट्या-चकती होते.

छताच्या पंख्यात ६२०१ व ६२०२ क्रमांकांची बेअरिंगे सर्रास असतात. त्यांचे आतले व्यास अनुक्रमे १२ व १५ मि.मी. असतात. शाफ्टवर अडकलेले असे बेअरिंग काढण्यासाठी पट्टीचा ओढा बनवतात. १० ते १२ मि.मी. जाड लोखंडी पट्टीला तीन भोके पाडतात. कडेच्या दोन भोकांतून दोन बोल्ट खाली जातात आणि बेअरिंगच्या मागे सरकवलेल्या, मधोमध फाक असलेल्या दुसऱ्या पट्टीला धरतात. मधल्या भोकातील बोल्ट शाफ्टच्या टोकाला रेटतो. त्या बोल्टचा नट पट्टीच्या कोणत्या बाजूला हवा, याबाबत पुष्कळ गोंधळ होतो. बोल्ट शाफ्टला ढकलतो तेव्हा शाफ्ट बोल्टला उलट ढकलतो आणि बोल्टबरोबर नटही मागे जाऊ पाहतो. म्हणून नट पट्टीच्या शाफ्टकडील बाजूसच असला पाहिजे. वरच्या बाजूला ठेवलेला नट पट्टीवरून नुसता उचलला जातो. नट फिरू नये म्हणून पान्याने धरून ठेवला तरी चालते, वेल्डिंगची गरज नाही. शाफ्टच्या टोकाला मध्यबिंदूचा खळगा असेल तर बोल्टचे टोक त्यात बसेल असे शंकूसारखे घासतात. खळगा नसेल तर मध्ये पितळेचा तुकडा ठेवतात, म्हणजे शाफ्टचे टोक फुलत नाही.

दोन्ही प्रकारांत आट्यांना आणि नटाखालच्या वायसरला ग्रीस लावतात. त्यामुळे श्रम कमी होतात, पण वरच्या सूत्रातील ०.२ हा अंक ०.१५ च्या आसपास उतरतो आणि त्याच पान्याने, त्याच हाताने बोल्टवर येणारा ताण सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो.

पाने आणि पकडी

डोके नसलेला स्टड काढण्यासाठी त्याच्यावर दोन नट चढवून एकमेकांविरुद्ध घट्ट आवळतात आणि मग आतला, म्हणजे मुळाकडचा नट सैल करण्याच्या दिशेने फिरवतात. नटाबरोबर स्टडही फिरतो. स्टड बसवायचा असेल तर बाहेरचा नट फिरवतात. ही युक्ती कारागिरांमध्ये इतकी रुळलेली आहे की तिला कोणी वेगळे हत्यार मानत नाही.

ॲलन पाना नसेल तर योग्य मापाच्या बोल्टचे षट्कोनी डोकेच खाचेत घालता येते. एम ६ बोल्टचे डोके १० मि.मी. रुंद असते आणि एम १२ ॲलन स्क्रूची खाचही १० मि.मी. ची असते. बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून त्यांना पाना लावतात. मात्र पिळाचा सगळा भार ६ मि.मी. जाडीच्या दांड्यावर येत असल्यामुळे हा उपाय हलक्या आवळलेल्या स्क्रूपुरताच आहे. गंजलेल्या एम १२ स्क्रूवर तो वापरला तर दांडा पिळवटतो.

लाकूडकामात दोन जाड फळ्या आणि दोन आटेदार सळया यांची शिकंजासारखी पकड करून डिंक किंवा फेव्हिकॉल लावलेले सांधे दाबून ठेवतात. नटाऐवजी पंखांचा नट वापरल्यास पान्याचीही गरज उरत नाही.

आटे पाडणे

८.८ किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या बोल्टच्या टोकाला उतार देऊन त्याच्या लांबीत तिकोनी कानशीने तीन किंवा चार खाचा पाडल्या, की कामचलाऊ टॅप तयार होतो. खाचांच्या कडा कापतात आणि कीस खाचांत साठतो. भोकाचा व्यास ठरवण्याचा नियम सोपा आहे: बोल्टचा व्यास वजा पिच. त्यानुसार एम ६ साठी ५ मि.मी. आणि एम १० साठी ८.५ मि.मी. चे भोक पाडतात. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशा चालीने कीस तुटत जातो.

असा टॅप ॲल्युमिनियम, पितळ, प्लास्टिक व कठीण लाकूड यांत चालतो. गंजलेले किंवा रंग भरलेले जुने आटे साफ करण्यासाठी तर तो नव्या टॅपपेक्षा बरा, कारण तो मूळचा धातू फारसा कापत नाही. पोलादात मात्र त्याच्या कडा लवकर मरतात. ४.६ चा बोल्ट लाल तापवून पाण्यात बुडवला तरी उपयोग होत नाही. त्यात कार्बन इतका कमी असतो की त्याला पाणी चढत नाही.

मापन

स्क्रूचा दुसरा गुण जोराचा नसून मापाचा आहे. एम ६ ची पिच नेमकी १ मि.मी. असल्यामुळे त्याच्या डोक्यावर १०० समान भाग केलेली चकती बसवली, की एका भागाला टोक ०.०१ मि.मी. सरकते. जुन्या सीडीचा व्यास १२० मि.मी. असतो, तिच्या कडेवर शंभर भाग केले तर प्रत्येक भाग जवळजवळ ३.८ मि.मी. रुंद येतो आणि साध्या डोळ्यांनी वाचता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्फेरोमीटर याच तत्त्वावर चालतो. तीन पायांची चौकट, मध्ये नट आणि त्यातून जाणारा एम ६ बोल्ट एवढ्यावर घरी तो बनवता येतो. त्याच्यासाठी सूत्रही तेच लागू होते: पायांमधील सरासरी अंतर ल आणि मधल्या टोकाची उंची उ असेल, तर वक्रतेची त्रिज्या ल²/६उ + उ/२ इतकी असते.

बाजारातील बोल्ट मोजमापासाठी बनवलेले नसतात, त्यामुळे दोन दोषांकडे लक्ष द्यावे लागते. पहिला, नट आणि बोल्ट यांच्यातील ढिलाई: दिशा बदलली की चकती थोडी फिरते पण टोक हलत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाचन एकाच दिशेने फिरवत येऊन घेणे, किंवा एकाऐवजी दोन नट घेऊन त्यांच्यामध्ये स्प्रिंग ठेवणे. दुसरा दोष पिचमधील किंचित चुकीचा. नट ५० फेरे फिरवून सरकलेले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजले आणि ५० ने भागले, की त्या विशिष्ट सळईची खरी सरासरी पिच कळते.

या गुणाचा एक सुंदर उपयोग हौशी खगोल-छायाचित्रकार करतात. स्कॉटलंडमधील जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या स्क्रूने हळूहळू उघडतात आणि वरच्या फळीवरील कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरतो. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातील एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची असते. त्यावरून हिशोब केला तर १ मि.मी. पिचची सळई बिजागरीपासून २२८.६ मि.मी. अंतरावर बसवून मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवावी लागते. बिजागरीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे व्यवहारात ध्रुवताऱ्याजवळ रोखतात; पुण्यात तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर येतो. सरळ सळई कंस आखत नसल्यामुळे चूक हळूहळू वाढते, पण काही मिनिटांच्या छायाचित्राला ती बाधत नाही.

त्रिमिती मुद्रणयंत्रांच्या इतिहासातही साध्या आटेदार सळईला स्थान आहे. एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पातील आरंभीच्या यंत्रांच्या चौकटी एम ८ सळया आणि नट यांनीच जोडलेल्या होत्या.

धोके

ओढणाऱ्या मांडणीत बोल्ट तुटला तर साठलेला ताण एका क्षणात सुटतो आणि तुकडा बोल्टच्या अक्षाच्या दिशेने उडतो. म्हणून काम करणाऱ्याने त्या रेषेत उभे राहू नये, डोळ्यांवर चष्मा असावा आणि मांडणीवर जाड गोणपाट टाकावे. नट फिरतो आहे, पण भाग सरकत नाही आणि पान्याला लागणारा जोरही वाढत नाही, ही बोल्ट ताणला जात असल्याची खूण होय. तेथेच थांबून मोठा बोल्ट घ्यावा लागतो. ओतीव लोखंडाच्या पुलीला कडेने ओढल्यास ती वाकत नाही, तडकते.

मोटारीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग आटेदार सळयांनी दाबणे हे या हत्यारांचे काम नव्हे. समजा, एक स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटन या प्रमाणात दाबली जाते आणि ती १५० मि.मी. दाबली, तर तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोग्रॅमचा हातोडा २३ मीटर उंचीवरून पडताना येतो तेवढा हा आघात आहे. सळई तिरकी होऊन निसटल्यास तो अडवायला काहीच नसते. वाहन उचलून धरणे, गॅसचे जोड, माणसाचा भार घेणारे टेकू आणि दाबाखालील टाक्या यांच्यासाठीही अशी जुळणी वापरत नाहीत. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट वेल्ड करताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने ताप व थंडी भरते. मुलामा आधी घासून काढतात आणि काम मोकळ्या हवेत करतात.

शिक्षणातील स्थान

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करत शिकण्यावर भर आहे आणि तेथील अभ्यासक्रमात कार्यशाळेतील कामांचा समावेश असतो. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात साधी यंत्रे, घर्षण, आघूर्ण आणि लघुतम माप हे विषय वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पट्टीचा ओढा किंवा सीडीचा स्फेरोमीटर बनवताना ते एकाच वस्तूत भेटतात. वर्गात करण्यास सर्वांत सोयीचा प्रयोग म्हणजे आदर्श व प्रत्यक्ष यांत्रिक फायद्याची तुलना. उभ्या एम १० सळईवरील नटावर, मध्ये वायसर घालून, ज्ञात वजन ठेवतात. पान्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ते वजन उचलताना लागणारा जोर वाचतात. मग आट्यांना तेल लावून तोच प्रयोग पुन्हा करतात. वजन दहा किलोग्रॅम असेल तर कोरड्या आट्यांना २०० मि.मी. पान्यावर सुमारे १ न्यूटन लागतो. साध्या काट्यावर तो नीट वाचता येत नाही, म्हणून आखूड पाना घेणे किंवा वजन वाढवणे इष्ट ठरते.